रिकामं आहे? दाखवा!

आमच्या मास्तरांसमोर कुणी "रिकामं आहे" म्हणालं की संपलंच. मग ते पिस्तूल असो, गॅसचा सिलिंडर असो, नाहीतर पाण्याची टाकी. मास्तर तळहात पुढे करायचे आणि म्हणायचे, "दाखवा." खांदा कॉलनीत त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनने एकदा सांगितलं की टाकी रिकामी आहे, आज पाणी येणार नाही. झालं! अडुसष्ट वर्षांचा हा माणूस लेंगा खोचून लोखंडी शिडीने टाकीवर चढला, झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि वरूनच ओरडला, "अर्धी भरलेली आहे! व्हॉल्व्ह अडकलाय!" खाली बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी मात्र महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. "मी काय कुणाला खोटारडा म्हटलं? मी फक्त बघितलं," मास्तर म्हणायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांचं सगळं आयुष्य सरकारी शस्त्रागारात हत्यारं दुरुस्त करण्यात गेलं. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, हे लोकांना पिस्तूल कसं सांभाळायचं ते शिकवायला लागले. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या टेबलाशी आता मी उभी राहते, आणि कुणी विचारलं की तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात, तर माझी मान आपोआप ताठ होते. होणारच. असा माणूस पनवेल तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि हे मी त्यांची विद्यार्थिनी म्हणून म्हणत नाही. बरं, म्हणते, त्यात काय?

शेड आमची. म्हणजे माझ्या बाबांची. विचुंब्यात रस्त्याकडेच्या प्लॉटवर पत्र्याची एक लांब शेड होती, तिच्यात डंपरचे जुने टायर पडलेले असायचे. मास्तर जागा शोधत आमच्या दारात आले तेव्हा बाबांनी टायर बाहेर काढले आणि शेड त्यांना देऊन टाकली. बाबा म्हणजे गावचे शेठ. मिठागरं गेली, भातशेती गेली, डंपर आले, जेसीबी आले, गळ्यात चेन आली आणि तिच्यामागून कमरेला लायसन्सचं पिस्तूल आलं. आपल्या जागेत पिस्तुलाचा मास्तर बसतो, यात बाबांना आपलीच शान वाटायची. भाडं नाही, कागद नाही. शब्दावर दिलेली शेड शब्दावर जाऊही शकत होती, हे गावाला ठाऊक होतं आणि मास्तरांनाही. दुसरी जागा त्यांना कोण देणार होतं? पिस्तूल शिकवतो म्हटलं की घरमालक चहासुद्धा विचारत नाहीत. ती शेड गेली असती तर त्या माणसाकडे सकाळी उठून जायला ठिकाणच उरलं नसतं.

शेडच्या एका बाजूला एअर पिस्तुलाच्या चार लेन होत्या, नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. दुसऱ्या बाजूला एक लांब टेबल, लायसन्सवाल्यांसाठी. कळंबोलीचे लोखंडाचे व्यापारी, सोनार, बिल्डर, कॅश व्हॅनवरचे गार्ड, सगळे एका बाकावर. खरी गोळी शेडच्या दारातून आत आणायची नाही, हा पहिला नियम. टेबलावर असायच्या त्या डमी गोळ्या, दिसायला हुबेहूब पण आत दारू नसलेल्या.

मी बावीस वर्षांची असताना तिथे शिकायला गेले. पहिला महिनाभर त्यांनी माझ्या हातात काहीच दिलं नाही. नुसतं बोट सरळ ठेवायला शिकवलं. उजव्या हाताची तर्जनी चापावर नाही, चापाच्या कडीतही नाही, वर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकलेली. नेम धरून मारायचं ठरल्यावरच ती आत जाणार. इतकी सवय लागली की घरी पोळ्या लाटताना माझं बोट लाटण्यावर ताठ. आई म्हणायची, "तुझ्या बोटाला काय झालाय गो? डाक्टरला दाखव."

मास्तरांचं बोट तर जन्मजातच सरळ असावं. चहाचा कप धरला तरी तर्जनी कपाच्या अंगाला टेकलेली. दाराची बेल अंगठ्याने दाबायचे. कुणाकडे बोट दाखवायचं नाही, अख्खा पंजा दाखवायचा. मार्केटमध्ये मेथीच्या जुडीकडे असा पंजा करायचे की भाजीवालीला वाटायचं म्हातारा आशीर्वाद देतोय, आणि ती बिचारी हात जोडायची. दुसरी तऱ्हा म्हणजे पंधरा वर्षांच्या पोरालाही ते "तुम्ही" म्हणायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्याच्या हातात हत्यार आहे त्याला अरेतुरे करायचं नाही. त्याला आठवण राहिली पाहिजे की आपण आता मोठे झालो."

टेबलावरचं त्यांचं शिकवणं ऐकायला मी माझी प्रॅक्टिस सोडून जायची. कळंबोलीचा एक व्यापारी एकदा फुशारकीने म्हणाला, "मास्तर, आपल्या पिस्तुलाला तीन तीन सेफ्टी आहेत. काय होतंय!" मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी टेबलावरचं पिस्तूल उघडलं, वरचा सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, वेगळी काढली आणि एकेक वस्तू दाखवायला लागले. हा बाहेरचा खटका, अंगठ्याने वर केला की चाप अडतो. ही मुठीच्या पाठीमागची पट्टी, पंजा घट्ट बसल्याशिवाय गोळी सुटत नाही. आणि हा आतला इवलासा तुकडा, हा फायरिंग पिनला, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या खिळ्याला, अडवून धरतो, चाप पूर्ण ओढला तरच बाजूला होतो. पिस्तूल हातातून पडलं तरी गोळी सुटू नये म्हणून. काही पिस्तुलांना मागे एक पिन असते, आत गोळी असली की ती बाहेर डोकावते, अंधारातही बोटाला लागते. बोलताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. सोनाराने दागिना दाखवावा तसं ते दाखवायचे, आणि त्या वस्तू बनवणाऱ्यांचा त्यांना फार आदर होता.

"ही सगळी हुशार माणसांनी केलेली कामं आहेत," ते म्हणाले. "हुशार का, तर आपण चुकणार हे त्यांना आधीच कळलं होतं. पण शेठ, यातल्या एकाही सेफ्टीला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. ते तुम्ही बघायचं. सेफ्टी तुमच्या चुकीसाठी आहे, तुमच्या आळसासाठी नाही."

व्यापारी म्हणाला, "पण मॅगझिन काढलं की चाप चालतच नाही ना?"

"काही पिस्तुलांत नाही चालत. काहींत चालतो. तुमच्यात?"

व्यापाऱ्याने शेजारच्याकडे बघितलं. शेजारचा छताकडे बघायला लागला.

"माहीत नाही? मग चालतो असंच धरून चाला," मास्तर म्हणाले. "कुकरची शिट्टी वाजायची थांबली म्हणून कुणी लगेच झाकण उघडतं का?"

आणि मग तो क्रम. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, बाहेर. मग स्लाइड मागे ओढून तशीच अडकवायची. मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी गोळी बसते त्या जागेत, डोळ्याने बघायचं. मग करंगळी घालून चाचपायचं. मग शेजारच्याला दाखवायचं. या सगळ्या वेळात तोंड जमिनीकडे नाहीतर वाळूच्या पोत्याकडे. क्रम पाठ म्हणून घ्यायचे, पाढ्यांसारखा. साठीचे बिल्डर खड्या आवाजात म्हणायचे, मला हसू आवरायचं नाही.

मला त्यांनी एकदाच हाकललं. त्यांनीच माझ्या हातात पिस्तूल दिलं, म्हणाले रिकामं आहे, मी ते न उघडता टेबलावर ठेवलं. "तपासलं नाहीत," ते म्हणाले. मी म्हणाले, "मास्तर, तुम्हीच तर दिलंत!" तर मला दाराकडे पंजा दाखवला. आठ दिवस यायचं नाही. मी तणतणत घरी गेले. हा काय माणूस आहे, स्वतःवरही विश्वास ठेवू देत नाही! नवव्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी मला बाकावर बसवलं आणि शस्त्रागारातली गोष्ट सांगितली. त्यांचा एक सोबती होता, वयाने मोठा, त्यांना काम शिकवणारा. त्याने एकदा पिस्तूल हातात दिलं, म्हणाला, रिकामं आहे, साफ कर. "त्याच्या देखत उघडून बघितलं तर त्याला वाईट वाटेल, असं मला वाटलं," मास्तर म्हणाले. गोळी त्या सोबत्याच्या पोटरीतून गेली. "त्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्याला जन्माचा लंगडा केला." एवढं सांगून ते उठले आणि टार्गेटं लावायला गेले. मी मात्र तिथेच बसून रडले. आठ दिवसांच्या रागाची मला लाज वाटली.

आता दसऱ्याचं सांगते, कारण मास्तर म्हटलं की मला तो दिवसच आठवतो.

आमच्या दारात दसऱ्याला मांडव पडतो. हत्यारांची पूजा. पाटावर कोयते, फाळ, जेसीबीच्या चाव्या, शेजारी झेंडूच्या माळा घातलेले डंपर, आणि मधोमध बाबांचं पिस्तूल. पूजा झाली की बाबांची एक रीत होती, त्यांनीच पाडलेली. पिस्तूल उचलायचं, हात वर करायचा आणि चाप ओढायचा. रिकाम्या पिस्तुलाचा नुसता टक् आवाज व्हायचा, की सगळे टाळ्या वाजवायचे आणि सोनं वाटायला सुरुवात. अख्खी आळी त्या आवाजाला यायची. मांडवाच्या वरच माडीची गॅलरी, तिथे काकी, चुलत बहिणी, त्यांची लेकरं मोबाइल काढून उभी. इतकी वर्षं मीही टाळ्या वाजवल्या होत्या. मास्तरांकडे शिकायला लागल्यापासून मला ती रीत टोचायची, पण बाबांपुढे बोलायची माझी टाप नव्हती.

त्या वर्षी बाबांनी पूजेचा मान मास्तरांना दिला. मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बाबांनी कुंकवाचं ताट त्यांच्या हातात दिलं. "या मास्तर, कुंकू आज तुमच्या हातानं लागला पायजे."

मास्तरांनी पाटाकडे बघितलं. पिस्तूल होतं, शेजारी काढून ठेवलेलं मॅगझिन होतं. स्लाइड बंद होती.

"शेठ, तपासलंय?"

"सकालीच मी सोता रिकामा केलाय. ही बघा आतली गोली." बाबांनी खिशातून एक गोळी काढून दाखवली.

"चेंबर दाखवा."

बाबा हसले, पण ते हसू मला ओळखीचं होतं. "मास्तर, गोली माझ्या खिशात हाय, मॅगझिन बाहेर हाय. आनखी काय दाखवू?"

"आतलं."

"माझ्या दारात, माझ्या पाव्हन्यांसमोर मना खोटा पाडताय?"

"नाही शेठ. बघू द्या फक्त."

"आमी नाय दाखवत." बाबांचा आवाज चढला. "कुंकू लावायचा असल तर लावा, नायतर उद्या शेड खाली करा!"

सगळ्यांनी ऐकलं. लावा मास्तर कुंकू, मी मनात म्हणत होते, लावा आणि सुटा. मास्तरांनी एकदा वर गॅलरीकडे बघितलं. मग ताट खाली जमिनीवर ठेवलं. "उद्या खाली करतो," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात. "पण आज हे उघडल्याशिवाय कुंकू नाही, आणि चाप मी ओढू देणार नाही." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तपासा."

अख्ख्या मांडवात मला "तुम्ही" म्हणणारा तो एकच माणूस होता. मी पुढे गेले. बाबांनी माझं मनगट धरलं. "हात नको लावू."

"बाबा, वर काकी उभी हाय," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांचा हात सैल पडला. मी पिस्तूल उचललं. बोट सरळ. तोंड मांडवाबाहेरच्या वाळूच्या ढिगाकडे. स्लाइड मागे ओढली. आतून एक गोळी उडाली, पाटावर आपटली आणि कोयत्याला लागून थांबली. मी स्लाइड अडकवली, आत बघितलं, करंगळी फिरवली. "आता रिकामं आहे," मी म्हणाले. आवाज माझा होता पण मला लांबून ऐकू आल्यासारखा वाटला.

बाबा खोटं बोलले नव्हते. त्यांनी सकाळी गोळी काढली होतीच. पण क्रम उलटा. मॅगझिन आत असतानाच आधी स्लाइड ओढून सोडली. चेंबरमधली गोळी बाहेर पडली, ती त्यांनी खिशात टाकली. पण स्लाइड पुढे जाता जाता मॅगझिनमधली दुसरी गोळी आत घेऊन गेली. पिस्तूल आपलं काम चोख करत होतं. मग बाबांनी मॅगझिन काढलं आणि निश्चिंत झाले. मॅगझिनशिवाय चाप चालतो अशातलं होतं ते. पाच मिनिटांनी हात वर झाला असता, आणि वर काकीच्या कडेवर तिचा नातू होता.

आईने पदर तोंडाशी धरला होता. बाबा खुर्चीवर बसले, हातातल्या गोळीकडे बघत, मग पाटावरच्या गोळीकडे. मास्तरांनी ताट उचललं, सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं, उघड्या पिस्तुलालाही. आपट्याची पानं घेतली आणि बाबांच्या हातात ठेवली. "सोनं घ्या शेठ." आणि चालत निघून गेले. एक शब्द जास्त नाही. दुसरा कुणी असता तर त्याने तिथेच भाषण ठोकलं असतं. मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर थोडा माझ्या हातांचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेले तर मास्तर टार्गेटं दोरीने बांधत होते. "उद्या म्हटलं होतं ना," ते म्हणाले. मी भांडले, समजावलं, दोरी ओढून घेतली. तेवढ्यात बाहेर बाबांची गाडी थांबली. बाबा आत आले, हातात कुलूप लावलेली पेटी. टेबलाशी बाकावर बसले. कॅश व्हॅनचे दोन गार्ड आधीच बसले होते, ते दचकून उठले.

"बसा रं," बाबा म्हणाले. मग मास्तरांना, "शिकवा."

"शेठ, शेड खाली करायचीय."

"बोललो खरा. चारचौघांत बोललो." बाबांनी पेटी टेबलावर ठेवली. "आता चारचौघांत शिकतो. चालल का?"

मास्तर म्हणाले, "अंगठ्या काढा. स्लाइडमध्ये अडकतात."

बाबांनी चारही अंगठ्या काढल्या. तीन आठवडे रोज आले. ज्यांच्या समोर सरपंच उभा राहायचा ते बाबा गार्डांच्या मधे बसून क्रम पाठ म्हणायचे. घरी जेवताना भाकरी मोडायचे तरी बोट ताठ. आई मला डोळ्याने खुणावायची आणि आम्ही दोघी ताटात बघून हसायचो.

मग परीक्षा. बाबांनी सगळं बिनचूक केलं. शेवटी मास्तरांनी टेबलावरचं पिस्तूल त्यांच्याकडे दिलं, म्हणाले, "छान. हे रिकामं आहे, पेटीत ठेवून द्या." बाबांनी ठेवलं आणि पेटी बंद केली. मास्तरांनी पेटी उघडली, स्लाइड ओढली. डमी गोळी टेबलावर गडगडली.

"नापास," मास्तर म्हणाले.

बाबा लाल झाले. उठले, अंगठ्या उचलल्या, गाडीत बसले आणि गेले. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनाही कळत होतं काय पणाला लावलंय ते. रजिस्टरमध्ये त्यांनी शांतपणे "नापास" लिहिलं आणि खाली सही केली.

मी घरी धावले. बाबा घरी नव्हते. देवळाच्या कट्ट्यावर होते, गावचे चार शेठ भोवती. मी मागे पिंपळाआड उभी राहिले. बाबांचा आवाज अख्ख्या आळीला ऐकू जात होता.

"मना नापास केला! तीन आठवडं एक चूक नाय. शेवटी सोताच्या हातानं पिस्तूल दिला, बोलला रिकामा हाय. मास्तरचा शब्द! मी कसा उघडून बघनार? आत गोली!"

"तुमच्याच शेडीत बसून तुमाला नापास?" एकाने विचारलं. "मंग काढा की त्याला!"

"काढा?" बाबांनी मांडीवर थाप मारली. "अरं, तुमच्या कुनाच्या जागेत हाय का असा मास्तर, जागेच्या मालकाला नापास करील असा? सोमवारी परत बसतोय मी परीक्षेला."